मिठाचे दोन टोले

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कुठे काना राहील, कुठे वेलांटी चुकेल, त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी लिहिताना समोर कोणी बसून ऐकतंय असं वाटतं, म्हणून तुम्ही म्हणते.

मला शेजारच्या बाईबद्दल लिहायचं आहे. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे. तिचं नाव लिहीत नाही. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला बाई म्हणायची आणि ती मला पोरी.

ती आठवली की आधी तिचा डावा तळहात डोळ्यापुढे येतो. चुलीवर काहीही असो, चमच्याने दोन थेंब त्या तळहातावर घ्यायचे, जिभेला लावायचे, डोळे मिटायचे. मध्ये कोणी बोललं तर उजवा हात वर करायची.

"थांब वं, चव पाह्यतो."

गेल्या वर्षी पोळ्यापासून जवळजवळ होळीपर्यंत ती अशी चव पाहून जे करत होती, ते कोणाच्या जिभेवर जाणारच नव्हतं. ते तिच्या नवऱ्याच्या नाकातल्या नळीतून थेट पोटात जायचं. दवाखान्यातली सिस्टर पंधरा दिवसांतून एकदा नळी पाहायला यायची. तिने बाईला तळहात चाटताना पाहिलं आणि हसली.

"काकू, नळीले काय चव समजते?"

"नळीले नाई समजत," बाई म्हणाली. "त्याले समजते."

हे नीट कळायला तुम्हाला तिचा नवरा कळला पाहिजे. तो आचारी होता. किन्हीराजापासून शिरपूरपर्यंत कोणाकडे लग्न निघालं की मंडपवाल्याच्या आधी त्याला विचारायचे. पाचशे माणसांच्या वरणाचं मीठ तो नुसत्या अंदाजाने टाकायचा आणि ते चुकायचं नाही. मी त्याच्या हातचं जेवले आहे. खोटं कशाला लिहू, तसं वरण मी पुन्हा खाल्लं नाही.

चुलीपाशी तो बोलायचा नाही. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा. हाताखालच्या माणसांना सांगायचं असलं की लांब झारा पातेल्याच्या काठावर आपटायचा. दोन टोले म्हणजे मीठ कमी आहे. एक टोला म्हणजे बरोबर झालं, उतरवा. सगळ्यांना ते पाठ होतं. लग्नघरातली लहान पोरंही ताटल्या घेऊन तसा खेळ खेळायची.

बाहेरच्यांशी तो फार गोड होता. कोणाच्या म्हाताऱ्या आईला आधी वाढा म्हणायचा, कोणा गरिबाकडून मजुरी अर्धीच घ्यायचा. बायामाणसांशी मान खाली घालून बोलायचा.

घरी ताटावर बसला की बोटातली अंगठी ताटाच्या काठावर वाजवायचा. टक् टक्. भिंतीतून मला ऐकू यायचं. तीस वर्षं ऐकलं. कधीकधी इकडे मीच मिठाच्या बरणीकडे हात न्यायची, इतकी सवय झाली होती. एक टोला मी भिंतीतून कधी ऐकला नाही. एकदा वांग्याची भाजी ताटासकट अंगणात आली. कोंबड्या धावल्या. बाई दारात उभी राहून त्यांना म्हणाली, "खा माय, खा. तुमाले तं अळणी नाई लागत ना?"

मी पदरात तोंड घालून हसले. नंतर तिचा चेहरा पाहिला आणि हसले याची लाज वाटली.

आम्ही दोघी निंदायला, कापूस वेचायला एका टोळीत जायचो. मला चारचौघांत बोलता येत नाही. अजूनही येत नाही. मजुरी मागायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटायची. बाई मला पुढे ढकलायची आणि शेतवाल्याला म्हणायची, "हिचे पैसे पह्यले दे भाऊ. हे तोंडानं मांगत नाई अन् तुह्याच्यानं याद राहत नाई." माझ्या ज्वारीच्या कोठीत तळाशी चार हजार रुपये जमले होते, घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ते माझ्या मेहनतीचे होते, पण मिळवून तिने दिले होते.

त्याच्या गालाच्या आत आधी पांढरं पडलं. मग तोंड उघडेना, दोन बोटं जाईनात. तरी खर्रा जातच होता. गाठ आली तेव्हा अकोल्याला नेलं. ऑपरेशन झालं, विजेचे शेक दिले, अर्धा जबडा गेला. दुसऱ्यांदा गाठ आली तेव्हा डॉक्टरांनी बाईला बाजूला बोलावलं. ती परत आली आणि मला ओट्यावर बसून सांगितलं.

"डॉक्टर म्हणे, आता घरी न्या. जे खावंसं वाटन ते खाऊ घाला. असं म्हणे अन् नाकात नळी टाकून देली. मंग खाऊ काय घालू वं, त्याचं कपाय?"

ती रडली नाही. पिशवीतून नळीची कागदं काढून माझ्यापुढे ठेवली. "वाच. तुले वाचता येते."

मी अक्षर लावून लावून वाचलं. डोकं उंच ठेवा. अडीच तासांनी द्या. गाळून द्या. नंतर साधं पाणी सोडा. तिने एकदाच ऐकलं आणि सगळं लक्षात ठेवलं.

तिचा दिवस त्या दिवसापासून अडीच-अडीच तासांचा झाला. मुगाचं वरण शिजवायचं, घोटायचं, जिऱ्याची फोडणी द्यायची, फडक्यातून गाळायचं. कागदावर फोडणी नव्हती लिहिलेली. ती म्हणायची, "बिनाफोडणीचं वरण देलं तं उठून बसन तो." मग पाठीमागे गोधड्या लावून त्याला बसवायचं, मोठ्या पिचकारीने हळूहळू सोडायचं. मग गालाची जखम. गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकायची म्हणजे वास कमी होतो. कमी व्हायचा, जायचा नाही. भिंतीतून आमच्याकडे यायचा. आमचे हे जेवायला अंगणात बसू लागले. मी भिंतीच्या भेगा शेणामातीने लिंपल्या. तिने ते पाहिलं. मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहिल्याच आठवड्यात नळी तुंबली. पाट्यावर वाटलेलं वरण जाडसर राहिलं होतं. भाड्याची गाडी करून त्याला तालुक्याला, मालेगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे सगळ्यांसमोर तिला बोलणी बसली. घरी मिक्सर नाही का, असं विचारलं. मिक्सर नव्हता. गाडीचं भाडंही उसनंच होतं.

संध्याकाळी मी कोठीतले चार हजार पदरात बांधून नेले आणि तिच्या मांडीवर ठेवले. तिने मागितले नव्हते. तिने गाठ सोडून पाहिली.

"कुठून आणले वं पोरी?"

"माह्येच हायेत."

"नवऱ्याले ठाव हाये?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"उसने हायेत. बुडवणार नाई मी," ती म्हणाली. त्यातून गाडीवाल्याचं दिलं आणि शिरपूरच्या बाजारातून मिक्सर आणला.

आजारी माणसाला भेटायला जायची आपल्याकडे रीत आहे. तुम्हीही गेला असाल. मीही गेले आहे दुसऱ्यांकडे, केळी आणि बिस्किटं घेऊन. तिच्याकडे रोज कोणीतरी यायचं. ज्याला थुंकी गिळता येत नाही त्याच्या उशाशी केळी ठेवायचे आणि त्याने केलेल्या पंगती आठवायचे. "मामा, आमच्या पोरीच्या लग्नातलं वरण अजून जिभेवर हाये." "मामा, तुमची वांग्याची भाजी, वा!" तो डोळे मिटून ऐकायचा. त्याच्या तोंडातून लाळ फडक्यावर गळत राहायची. बाई आत चहा करायची. रोज जादा दूध, जादा साखर.

एकदा एक पाहुणा कप खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, साखर कमी पडली वाटते."

बाईने चमचा त्याच्या पुढे केला. "घ्या. दोन टोले द्या."

पाहुण्याला कळलं नाही. खाटेवरच्याला कळलं. त्याचे डोळे हसले, ते मी पाहिलं. मला वाटतं त्या घरात त्या दोघांनाच कळेल असं बरंच काही होतं. म्हणूनच मला जास्त राग येतो.

त्याचं बोलणं बंद झाल्यावर बाईने खाटेजवळ स्टीलचा ग्लास पालथा ठेवला आणि चमचा दोरीने खाटेला बांधला. पाणी पाहिजे, कूस बदलायची, काहीही पाहिजे असलं की वाजवायचं. पहिल्या दिवशी नळीतून वरण देऊन झालं, पाणी सोडून झालं. तिने पिचकारी पुसत सहज विचारलं, "मीठ?"

त्याने चमचा उचलला. टक् टक्.

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो आणि मग इतक्या हसलो की मला खाली बसावं लागलं. "पाह्य वं! गयात उतरत नाई अन् अळणी लागून राह्यलं!" ती डोळे पुसत म्हणाली. पुढच्या वेळी तिने खरंच चिमूटभर मीठ जास्त घातलं. तळहातावर घेऊन पाहिलं. दिलं. विचारलं. टक् टक्.

मग ते रोजचं झालं. प्रत्येक वेळी विचारायचं, प्रत्येक वेळी दोन. आठवड्याने त्याचे पाय सुजले. सिस्टर रागावली, "मीठ वाढवून राह्यल्या का काकू? आता बिलकुल वाढवू नका." तेव्हापासून बाई त्याच्यासमोर बरणीतून चिमूट घ्यायची, वाटीवर हात फिरवायची आणि मीठ मागच्या बाजूला जमिनीवर सोडायची. खाटेजवळची जमीन पायाला खरबरीत लागायची. तरी तो दोनच टोले द्यायचा.

एकदा मी तिला म्हटलं, "बाई, इचारताच काहून?"

ती पिचकारी उन्हात वाळत घालत होती. माझ्याकडे पाठ होती.

"सदतीस वर्सं झाली पोरी. गावाचं मीठ बराबर, लगनाचं मीठ बराबर. माह्यं एक डाव बराबर म्हण. जिभेनं नाई तं चमच्यानं म्हण. एकच डाव. मंग जाय बापा खुशाल."

त्या दिवसापासून मीही ऐकू लागले. तिच्याकडे वरणाची वेळ झाली की माझी भाकर हातात थांबायची. टक्. मी श्वास धरायची. टक्. मग भाकर थापायची.

सोयाबीन निघालं, कापूस वेचून झाला, हरभरा सोंगायला आला. दुखण्याच्या गोळ्या संपत आल्या. त्या गोळ्या अकोल्यालाच मिळतात आणि कार्ड घेऊन घरच्या माणसालाच जावं लागतं. तिची मुलगी रिसोडला दिली आहे, ती त्या वेळी बाळंत होती. बाईने मला सगळं दाखवलं आणि पहिल्या एसटीने निघाली.

"चव पाहून देजो," जाताना म्हणाली.

त्या माणसाशी मी आयुष्यात दहा शब्द बोलले नसेन. पदर कपाळापर्यंत ओढला आणि वरण केलं. घाईत केलं. फोडणी द्यायची राहिली. तळहातावर घेऊन चव पाहायची ती मी पाहिली नाही. त्या वासात मला काही जिभेला लावावंसं वाटलं नाही. इथे कोणी पाहत नाही म्हणून खरं लिहिते. गाळलं, त्याला टेकून बसवलं, पिचकारीने सोडलं, पाणी सोडलं. मी काही विचारलं नाही. विचारायचं माझ्या मनातही नव्हतं.

त्याने आपणहून चमचा उचलला.

टक्.

मी दुसऱ्याची वाट पाहिली. त्याने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे पाहून मान हलवली.

मला वाटलं दमला असेल. दुसऱ्या वेळी दिलं, पुन्हा एकच. तिसऱ्या वेळीही एकच, आणि तेव्हा त्याने दोन्ही हात जोडले. लग्नघरी वाढून झाल्यावर यजमानीणबाईला जोडायचा तसे.

आता मला हे सगळं कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की एक टोला वाजला. ज्याची ती सहा महिने, नाही, सदतीस वर्षं वाट पाहत होती तो वाजला, आणि मी ऐकला. दुपारभर मी दाराकडे पाहत होते. मला कधी कोणाला काही सांगायची इतकी घाई झाली नव्हती.

उन्हं उतरता ती आली. एक चप्पल पायात, एक हातात होती.

"बाई! एक टोला! तिन्ही डाव एकच टोला देला त्याईनं!"

तिचा चेहरा उजळला. मी शपथेवर सांगते, उजळला. मग तिने विचारलं, "कायले देला?"

"वरणाले."

ती चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"म्या कुठी केल्तं वरण," ती म्हणाली. "तू केल्तं."

मग ती आत गेली. गोळ्या फळीवर ठेवल्या, हातपाय धुतले, चूल पेटवली. मला जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. मी दारातच उभी. तिने वरण शिजवलं, फोडणी दिली, घोटलं, मिक्सरला लावलं, गाळलं. दोन थेंब तळहातावर घेतले. डोळे मिटून बराच वेळ जीभ फिरवली. त्याला बसवलं, दिलं, पाणी सोडलं. आणि वाकून, अगदी त्याच्या कानाशी विचारलं.

"मीठ?"

टक् टक्.

मरणाऱ्या माणसाचा राग येऊ नये. मला आला. अजून आहे.

ती उठली आणि पिचकारी धुवायला मोरीत गेली. मी घरी आले. मला वाटलं मी काहीतरी चुकले आहे आणि ते दुरुस्त करता येईल. रात्रभर मनात घोकून दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले आणि एका दमात म्हटलं, "बाई, कालच्या वरणात म्या मीठच टाकलं नव्हतं. याद नाई राह्यली. त्याईले काई समजत नाई, काईबी वाजवतेत."

मला सांगायचं होतं की त्याच्या टोल्यांना काही अर्थ नाही. ती ऐकत राहिली. मग हसली. तसं हसणं मी तिचं आधी पाहिलं नव्हतं.

"मंग तं तुह्या हातालेच चव हाये वं पोरी. मीठबी लागत नाई." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "भाईरच्याईसाठी तो चांगलाच होता."

त्यानंतर तिने मला त्याच्यापाशी बसायला बोलावलं नाही. मीही आपणहून गेले नाही. अडीच तासांनी मिक्सर वाजायचा. मी भाकर थांबवून ऐकायची. काहीच वाजायचं नाही. एक नाही, दोन नाही. दोन दिवस असे गेले तेव्हा मी ताकाचा गडू घेऊन गेले.

खाटेजवळ ग्लास नव्हता. दोरी होती, चमचा नव्हता. तो बोटांनी गोधडीवर मारत होता. गोधडीवर काय आवाज होणार. बाई त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती.

"गिलास कुठी गेला?" मी विचारलं.

"धुवाले टाकला."

मोरीत होता, धुतलेला, पालथा. मी पाहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बोटं गोधडीवर मारली, दोनदा की एकदा ते मी पाहिलं नाही, कारण मी मान खाली घातली होती. मी तो ग्लास उचलून खाटेपाशी ठेवायला पाहिजे होता. चार पावलं होती. मी ताकाचा गडू ठेवला आणि घरी आले.

असं समजू नका की तिने त्याचं करायचं सोडलं. एक वेळ चुकवली नाही. जखम तशीच धुतली, कूस तशीच बदलली, वरणाला फोडणी दिली, तळहातावर चव पाहिली. तिने फक्त विचारणं बंद केलं.

ग्लास नऊ दिवस मोरीत होता. दहाव्या दिवशी तिने आणून ठेवला, चमचा बांधला. मला अंगणातून म्हणाली, "ठेवला बापा. सुनं सुनं लागून राह्यलं घर." किती दिवसांनी माझ्याशी आपणहून बोलली होती. मला बरं वाटलं. पण तोवर त्याचा हात उचलेनासा झाला होता. तिने चमचा त्याच्या बोटांत दिला, तो पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी तिने त्याची मूठ आपल्या मुठीत धरली, तेव्हा मी दारातून मागे फिरले. ते माझ्या पाहण्यासारखं नव्हतं. पण भिंतीतून ऐकलं. काही वाजलं नाही. मूठ धरून तिला हवा तो टोला वाजवून घेता आला असता. तिने घेतला नाही.

त्यानंतर तो पाच दिवस होता. सहाव्या दिवशी दुपारी तिने वरण गाळलं, दोन थेंब तळहातावर घेतले आणि मला हाक मारली. मी गेले तेव्हा तळहात तसाच पुढे धरलेला होता आणि ती त्याच्या छातीकडे पाहत होती. छाती हलत नव्हती.

"आताच," ती म्हणाली.

तळहातावरचं तिने चाटलं. का ते मला विचारू नका.

तेरवीला दुसरा आचारी होता. पंगतीत लोक हळू आवाजात म्हणत होते, ते असते तर असं वरण झालं नसतं. मीठ कमी आहे. कोणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं. बाई बायांच्या पंगतीत शेवटी बसली होती. तिने वरणभाताचा घास खाल्ला आणि मान वर न करता म्हणाली, "मले तं बराबर लागते." ती पानातलं सगळं जेवली.

त्या संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघीच होतो. तिने मला एकच विचारलं.

"गिलास हटवला नसता तं देला असता का वं त्यानं?"

मी काही बोलले नाही. मला बोलता येत नाही हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तरी तिने बरीच वाट पाहिली.

नंतर ती पुन्हा मजुरीला जाऊ लागली, पण दुसऱ्या टोळीत. शिरपूरच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात यायची. कधी दोनशे, कधी तीनशे. उंबऱ्याबाहेर उभी राहून हात पुढे करायची. "ठेव." बस म्हटलं तर "काम हाये" म्हणायची. राहू द्या, घाई नाही, असं मी दोनतीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हटलं नाही. कारण बाजाराच्या दिवशी ती दारात येते, एवढंच मला उरलं होतं. मी त्या दिवशी ओटा सारवायची, चांगलं लुगडं नेसायची आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आमच्या ह्यांनी विचारलं, कोणी येणार आहे का, तेव्हा आलं.

शेवटचे चारशे राहिले होते. त्या दिवशी ती सकाळीच आली. तिच्या दाराला कुलूप होतं आणि ओट्यावर दोन पिशव्या बांधलेल्या. एका पिशवीतून मिक्सरची वायर दिसत होती. रिसोडला मुलीकडे चालली होती. कायमची, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

"घे. चारशे. फिटले."

मी नोटा घेतल्या. मोजल्या. बरोबर चारशे होते. मला वाटलं, आता ही जाईल आणि हिला माझ्या दारात परत यायचं काही कारण राहणार नाही. आणि मी आयुष्यात कधी पैशाबद्दल तोंड उघडलं नाही ती म्हणाले, "बाई, पन्नास कमी हायेत."

ती उंबऱ्यावर बसली. किती महिन्यांनी बसली. माझ्या हातातून नोटा घेतल्या, बोट जिभेला लावलं आणि एकेक नोट डाव्या तळहातावर ठेवत मोजली. सावकाश, डोळे बारीक करून. मग सगळ्या एकत्र केल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते.

"बराबर तं हायेत," ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. "तुले खोटं बोलता येते तं."

मी मान खाली घातली.

"मंग तवा ओट्यावर काहून नाई बोलली वं पोरी?"

तिने नोटा माझ्या पदरात टाकल्या. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला तशी उठली, पिशव्या उचलल्या. मी एक पिशवी धरायला पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे, जड नाई."

पैसे कोठीत ज्वारीखाली ठेवले आहेत. परत मोजले. चार हजार. पूर्ण आहेत.